मैदा दोन किलो, सापाची कात एक

बँकेच्या कर्ज खात्यात माझा उभा जन्म गेला. समोर बसलेला माणूस पैसे नेणार आणि परत आणून द्यायचं नाव काढणार नाही, एवढं एकच गृहीत धरून मी नोकरी केली आणि त्या गृहीतानं मला कधी दगा दिला नाही. निवृत्तीनंतर एका ट्रस्टनं बोलावलं. जुनी कागदपत्रं, पोथ्या, दप्तरं, वस्तुसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थांना त्यांना अनुदान द्यायचं होतं आणि ते वाटायला पैशाच्या बाबतीत कडक माणूस हवा होता. मी ताबडतोब हो म्हटलं. पैसे द्यायचे आणि परत मागायचे नाहीत! कर्ज खात्यातल्या माणसाला आणखी काय हवं? वसुली नाही, जप्ती नाही, जामीनदाराच्या दारात उन्हातान्हात उभं राहणं नाही.

पहिला हप्ता गेला. सहा महिन्यांनी मी एका संस्थेच्या खजिनदारांना सहज फोन केला. दप्तरखान्याच्या कामासाठी आम्ही त्यांना पाच लाख दिले होते.

"काय, काम कुठवर आलं?"

"साहेब, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. पैसे सुरक्षित आहेत."

"सुरक्षित म्हणजे?"

"मुदत ठेवीत टाकलेत. मॅनेजरशी भांडून पाव टक्का जादा घेतला."

"अहो, पण ते खर्च करायचे होते!"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दुखावलेला आवाज आला, "खर्च काय साहेब, कुणीही करेल."

बँकेत असतो तर या गृहस्थांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला असता. आता मला त्यांना कारणे दाखवा नोटीस काढायची होती. पण विचार केला तर त्यांचंही चुकलं नव्हतं. ज्या माणसानं शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकाचं फाटकं तिकीट, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका आणि बंद पडलेल्या छापखान्याची पावतीपुस्तकं जिवापाड सांभाळली, तो तुमचे करकरीत पाच लाख हातचे कसे जाऊ देईल? जपून ठेवण्यासाठीच तर त्याला पैसे दिले होते. त्यानं ते जपून ठेवले.

तेव्हापासून माझी उलटी वसुली सुरू झाली. पूर्वी लोक मला चुकवायचे ते पैसे नाहीत म्हणून. आता चुकवतात ते पैसे आहेत म्हणून. या वसुलीचं मुख्य हत्यार म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. दिलेली रक्कम ज्या कामासाठी दिली त्याच कामावर खर्च झाली, असं सनदी लेखापालानं लिहून द्यायचं. ते आलं नाही तर दुसरा हप्ता नाही. या धमकीला कुणी भीत नाही. पहिलाच हप्ता शिल्लक असलेल्या माणसाला दुसऱ्याची धमकी काय द्यायची?

अर्जांविषयी सांगायलाच हवं. आमचा अर्ज बावीस पानी आहे. तो कुणा सल्लागारानं इंग्रजीत तयार केला, दुसऱ्यानं मराठीत आणला आणि तिसऱ्यानं संगणकावर असा चढवला की सोळाव्या पानावर गेलं की पहिल्या पानावरचं संस्थेचं नाव पुसलं जातं. अर्जाचं शीर्षक नेहमी भारदस्त असतं. दुर्मीळ हस्तलिखितांचे शास्त्रशुद्ध संवर्धन. ऐतिहासिक ठेव्याचे पुनरुज्जीवन. वारसा जतन महाप्रकल्प, टप्पा पहिला. पहिली तीन पानं ज्ञानेश्वरांपासून सुरू होऊन संस्थेच्या विद्यमान अध्यक्षांपर्यंत येतात. आणि चौथ्या पानावर कपाट निघतं. हमखास निघतं. लोखंडी, चार फळ्यांचं, लॉकरसह. कपाटाच्या मागोमाग पेव्हर ब्लॉक, पाणी शुद्ध करायचं यंत्र, सभागृहाच्या खुर्च्या आणि एका अर्जात तर तुळशी वृंदावन. कागद कुठे आहेत म्हणावं तर ते परिशिष्टात.

कागदाला उष्णता आणि दमटपणा दोन्ही बाधतात, म्हणून आम्ही एका संस्थेला वातानुकूलनासाठी पैसे दिले. पाहणीला गेलो. यंत्र सुरेख बसवलं होतं. खाली लांबलचक टेबल, भोवती बारा खुर्च्या, टेबलावर बिस्किटं.

"कागद कुठायत?"

"वर माळ्यावर. पत्र्याखाली."

"मग एसी इथे कसा?"

"कागदांबद्दलच्या बैठका इथेच होतात ना, साहेब."

खरेदीचा नियम तीन दरपत्रकांचा. तीन वेगळ्या दुकानदारांकडून भाव मागवायचे आणि सर्वांत कमी असेल त्याच्याकडून घ्यायचं. दरपत्रकं येतात. तिन्ही दुकानांची नावं वेगळी, तिघांचं गाव एक, तिघांचंही 'किंमत' चुकीचं आणि एकाच पद्धतीनं चुकीचं. एकदा टेबलावर ती एकमेकांशेजारी मांडली तेव्हा दिसलं की तिन्हींच्या कडेला चहाच्या कपाचा पुसट कमानीसारखा डाग आहे. जोडून पाहिलं तर पूर्ण गोल झाला. मी कार्यवाहांना ते दाखवलं. ते जरासुद्धा गडबडले नाहीत. म्हणाले, "तिघेही आमच्याकडे चहाला आले होते."

संस्थांचं आणखी एक वैशिष्ट्य असं, की पुष्कळ ठिकाणी संस्था एक आणि कार्यकारिणी दोन असतात. धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज प्रलंबित असतो. तो निकाली निघेपर्यंत खरे विश्वस्त कोण हे ठरत नाही आणि तोवर दोन्ही बाजू एकाच शिक्क्याच्या दोन प्रती वापरतात. एका वर्षी एकाच संस्थेचे दोन अर्ज आले. पहिल्यात म्हटलं होतं, 'आमच्या संग्रही ९०० पोथ्या आहेत.' दुसऱ्यात होतं, 'आमच्या संग्रही ९०० पोथ्या होत्या.' मध्यस्थीला गेलो तर कळलं की पोथ्या एका गटाच्या ताब्यात आणि कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्या गटाकडे. पोथ्या अनेक वर्षं कुणी हाताळल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांची अवस्था उत्तम होती. जिथे एकोपा आहे, रोज दहा माणसं येऊन पोथ्या चाळतात, थुंकी लावून पानं उलटतात, तिथल्या पोथ्यांचे हाल बघवत नाहीत. संवर्धनाच्या प्रशिक्षणात भांडणाचा समावेश करावा असं मी समितीपुढे सुचवलं होतं. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

आणि प्रेम! दुर्लक्षामुळे कागद मरतो हे खरं, पण प्रेमानं तो जास्त लवकर मरतो. एका घराण्याकडे जुनी सनद होती. त्यांनी मोठ्या अभिमानानं बाहेर काढली. ती लखलखत होती.

"झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेतलं," घरधनी म्हणाले. "आता शंभर वर्षं बघायला नको."

तापवून चिकटवलेलं ते प्लास्टिक आता कागदाचा जीव घेतल्याशिवाय निघणार नव्हतं. दुसरीकडे एका पोथीच्या फाटलेल्या प्रत्येक पानावर सेलोटेप होती. टेपचा डिंक पिवळा होऊन आतल्या अक्षरांत उतरला होता आणि वरची पट्टी गळून पडली होती. त्या पिवळ्या पट्ट्यांवर पुन्हा नवी टेप लावलेली. "दर दिवाळीला बदलतो," ते म्हणाले.

रात्री जागून अर्ज तपासताना माझ्या मनात एकच विचार येतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी आमच्याकडे अर्ज केला असता तर? १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढणारे आणि बावीस खंडांपर्यंत मजल मारणारे राजवाडे. गावोगाव पायपीट करून, कुणाच्या माळ्यावरचे, कुणाच्या अडगळीतले कागद बाहेर काढणारे राजवाडे. आमच्या छाननी समितीचं टिपण मला डोळ्यांपुढे दिसतं. 'अर्जदाराने तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद जोडलेले नाहीत. प्रकल्पाचा कालावधी "आयुष्यभर" असा नमूद. योजनेत कमाल अठरा महिने. प्रवासखर्चाची तिकिटे नाहीत, पायी गेल्याचे सांगतात. भोजनखर्च निरंक; स्वयंपाक स्वतः करतात असे समजते, खातरजमा व्हावी. अर्ज इंग्रजीत भरण्यास नकार. स्वभाव तापट. संस्था काढतात व मग तिच्याशी भांडतात. त्रुटीपूर्ततेसाठी परत.' यातला शेवटचा मुद्दा खराच आहे. १९१० साली त्यांनी खं. चिं. मेहेंदळ्यांच्या साथीनं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पुढे त्याच्याशी बिनसलं आणि अखेरचे दिवस धुळ्यात काढले. पण त्या मुद्द्यावर आमची समिती त्यांना नापास करू शकली नसती. तो निकष लावला तर महाराष्ट्रात आमच्याकडे एकही पात्र संस्था उरत नाही.

त्या काळात मराठी माणसाला कागद जमवायचं वेडच लागलं होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं १८९८ सालचं. बावीस पानी अर्ज कुणी भरला नव्हता. पुढे रियासतकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, १९३० ते १९३४ एवढ्या काळात. आमच्या एका संस्थेला तेवढ्या काळात स्कॅनरचं खोकं उघडणं जमलेलं नाही.

तो स्कॅनर मी पाहिला आहे. खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक, चार कोपऱ्यांना हळद, वर दसऱ्याची सुकलेली आपट्याची पानं. समोर फोडलेल्या नारळाचं पाणी खोक्यात झिरपल्याची एक खूण.

"वापरत का नाही?"

"वापरला की खराब होतो, साहेब. महागाची वस्तू."

जिथे स्कॅनर वापरतात तिथलं दुःख वेगळं. तिथे दहा हजार पानं स्कॅन होतात आणि मग ती कुठे ठेवली हे स्कॅन करणाऱ्या मुलालाच ठाऊक असतं. त्याला पोस्टात नोकरी लागते. मागे राहते एक हार्ड डिस्क आणि तीत फोल्डर: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २', 'दादाचं लग्न'. तीन फोल्डरांत तीच बखर आणि चौथ्यात खरोखरच दादाचं लग्न. कुठल्या चित्रात कुठल्या पोथीचं कितवं पान हे कुठेच लिहिलेलं नाही, कारण त्या मजकुरासाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. एका कार्यवाहांनी तर मला जुन्या सीडींचा गठ्ठा दाखवला. आधीच्या कुठल्याशा योजनेत केलेला. त्या लावायचं यंत्र आता संस्थेत नाही. शेजारच्या खोलीत त्याच्याही आधीच्या योजनेतल्या मायक्रोफिल्मच्या डब्या होत्या. त्या वाचायचं यंत्र एका माजी अध्यक्षांकडे होतं आणि माजी अध्यक्ष दुसऱ्या गटात. एवढ्या सगळ्या प्रतींच्या मधोमध लाल बासनात मूळ पोथी बसली होती. ती बासन सोडलं की वाचता येत होती. तिला यंत्र लागत नव्हतं.

असं सगळं ठीक चाललेलं असताना कोकणातल्या एका जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा अर्ज आला आणि आमच्या कार्यालयाची घडी विस्कटली. बाईंनी संगणकावरच्या अर्जाचा नाद सोडून दिला होता. वहीच्या रेघी पानावर निळ्या शाईनं सरळ यादी लिहिली होती. मैदा दोन किलो. मोरचूद शंभर ग्रॅम. जपानी टिश्यू कागद. टीपकागद. मऊ ब्रश तीन. खारव्याचं लाल कापड पंधरा मीटर. वेखंड अर्धा किलो. सापाची कात एक, मिळाल्यास. एकूण मागणी १८,४०० रुपये. इतिहास नाही, ज्ञानेश्वर नाहीत, कपाट नाही.

मी भारावलो. समिती भारावली नाही.

"मैदा?" आमचे हिशेबनीस म्हणाले. "हे संवर्धन आहे की शंकरपाळे?"

मी समजावलं. मैद्याची खळ करायची, तीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर तिला तोंड लावत नाही. नुसती खळ हे तर कसरीचं आवडतं खाणं. तीत मोरचूद असलं की ती दुसरं घर शोधते.

"आणि टिश्यू कागद जपानहून कशाला? हॉटेलात मिळतो तो काय वाईट आहे?"

तेही समजावलं. तो कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा असतो. लांब धाग्यांचा, त्यामुळे मजबूत, आणि इतका पातळ की पानावर चिकटवला तरी खालची अक्षरं वाचता येतात. शिवाय खळीनं लावलेला असल्यामुळे पुढेमागे कुणाला काढायचा झाला तर ओलसर करून अलगद निघतो.

ज्येष्ठ विश्वस्तांनी चष्मा काढला. "काढायचाच आहे तर चिकटवता कशाला?"

संवर्धनशास्त्राचं सगळ्यात मोठं तत्त्व असं एका वाक्यात आडवं पडलं. पण अर्ज अडला तो भलत्याच ठिकाणी. आमच्या योजनेत किमान अनुदान दोन लाखांचं आहे. त्याखालची रक्कम देता येत नाही, कारण तिच्या छाननीचा खर्च तिच्याहून जास्त होतो. छाननी समितीचा प्रवास, भोजन, मानधन आणि सभेला फुलांचा गुच्छ धरून अठरा हजारांच्या अर्जाला नाही म्हणायलाच आम्हाला बत्तीस हजार खर्च येतो. मी बाईंना फोन केला.

"बाई, मागणी दोन लाखांवर न्या."

"अहो, दोन लाखांचा मैदा मी ठेवू कुठे?"

"मैदाच असं नाही. आणखी काही लिहा. काहीतरी लागतच असेल."

बाई विचारात पडल्या. समुद्राचा आवाज ऐकू येत होता. शेवटी चाचरत म्हणाल्या, "कपाट लिहू?"

"लिहा!" मी ओरडलो. "लॉकरसह लिहा!"

फोन ठेवला आणि मला चौथ्या पानाचा उलगडा झाला. महाराष्ट्रभरातल्या अर्जांत उगवणारी ती असंख्य कपाटं कुणाला हवी असतात? कुणालाच नाही. माणसांना हवा असतो मैदा. मग कुणीतरी त्यांना फोन करतो.

बाईंना दोन लाख मंजूर झाले. त्यांचं काम महिन्यात सुरू झालं आणि चौथ्या महिन्यात संपलंही. या क्षेत्रात ही घटना इतकी दुर्मीळ, की आमच्या लेखापरीक्षकांना लगेच संशय आला. ते जातीनं गेले.

"सापाच्या कातीचं बिल जोडलेलं नाही," ते म्हणाले.

"साप देत नाही," बाई म्हणाल्या.

"मग व्हाउचर हवं. घेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही."

"देणारा गोठ्यामागे राहतो. चला, दाखवते."

लेखापरीक्षक गोठ्यामागे गेले नाहीत. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. पोथीच्या बासनात कात ठेवली की कीड लागत नाही अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत असेल, तर ही कात जडसंग्रह नोंदवहीत घ्यायची की खर्ची पडणाऱ्या वस्तूंत? जडसंग्रहात घेतली तर दरवर्षी तिची पडताळणी करावी लागेल आणि ती फाटली तर निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा लागेल. यावर आमच्या कार्यालयात पाच पत्रं लिहिली गेली. कातीची किंमत शून्य होती. शेवटी 'देणगीदाखल प्राप्त' असा शेरा मारून आम्ही ती संस्थेच्या मालमत्तेत दाखल केली. देणगीदाराचं नाव लिहायचा रकाना सक्तीचा असल्यामुळे तिथे 'अज्ञात हितचिंतक' असं आहे.

पैसा देणाऱ्या कंपनीच्या लोकांशीही मला बोलावं लागतं. २०१३च्या कंपनी कायद्यानं नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचं बंधन मोठ्या कंपन्यांवर आलं आणि त्या यादीत वारसा जतनही आहे. तेव्हापासून दरवर्षी एक चुणचुणीत तरुण लॅपटॉप घेऊन येतो आणि मला 'काका' म्हणत अवघड प्रश्न विचारतो.

"काका, थेट लाभार्थी किती?"

"कशाचे?"

"या पोथ्यांचे. म्हणजे किती लोकांच्या आयुष्यात बदल झाला?"

मी खूप विचार केला. "त्या पोथीवर एक प्राध्यापक काम करतात. त्यांना वाचायला मिळाली. आणि त्यांच्या विरोधात लिहिणारे दुसरे एक आहेत. त्यांनाही."

"दोन?"

"वाळवी धरली तर पुष्कळ होतील. पण तिच्या आयुष्यात झालेला बदल चांगला नाही."

तो हसला नाही. त्याला आधीचा आणि नंतरचा असे फोटो हवे होते. शाळेच्या भिंतीचे किंवा विहिरीचे असे फोटो छान येतात. पोथी उपचाराआधी जुनी दिसते आणि उपचारानंतरही जुनीच दिसते. तशी दिसली तरच काम चांगलं झालं म्हणायचं. अखेर आम्ही पोथीशेजारी एका शाळकरी मुलीला हसत उभं केलं. ती ग्रंथपाल बाईंची भाची होती आणि कॅरमचं बोर्ड मागायला आली होती. त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तीच आहे.

मार्चविषयी फार बोलत नाही. फेब्रुवारीअखेर महाराष्ट्रातली सगळी हस्तलिखितं शांत पडलेली असतात. वीस मार्चला निधी येतो आणि एकवीस मार्चला सगळ्यांना एकदम वाळवी लागते.

आता घाटावरच्या एका संस्थेची हकिगत सांगतो, कारण तिथलं उपयोगिता प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. या संस्थेकडे एक मोडी पत्र आहे. काचेच्या चौकटीत, वर झेंडूचा हार, खाली समई. छत्रपतींचं स्वतःचं पत्र म्हणून गावात त्याचा लौकिक. वर्धापनदिनी त्याची मिरवणूक निघते. मोडी वाचणारं गावात कुणी राहिलेलं नसल्यामुळे लौकिकाला आजवर धोका नव्हता. मी हिशेब मागायला गेलो तेव्हा सोबत मोडी शिकलेली एक मुलगी होती. अध्यक्षांनी मोठ्या मनानं हार बाजूला केला. ती काचेला नाक लावून वाचू लागली. मोडीत शब्दाशब्दांत अंतर नसतं, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नसतो. ओळ आडव्या रेघेवर सलग पळत जाते. त्यामुळे तिला वेळ लागला. आम्ही हात जोडून उभे होतो.

"सर," ती हळूच म्हणाली, "हे पेशवाईतलं आहे. इथल्या कमाविसदाराला पुण्याहून लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"मागच्या सालचा हिशेब आला नाही म्हणून. आधी पत्रं लिहिली, जासूद पाठवला, तरी आला नाही. आता तरी कागद घेऊन या, असं आहे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पेशवाईत परगण्याचा वसूल आणि खर्च कमाविसदाराकडे असे आणि त्यानं ताळेबंद पुण्याला फडावर पाठवायचा असे. तिथे बसलेल्या कुणा कारकुनानं बोरू टोकरून, दातओठ खात ही ओळ लिहिली असणार. त्याच्या बोटांना शाई लागली असेल आणि त्याच्याही साहेबानं त्याला विचारलं असेल, अजून आला नाही? मला त्या माणसाला भेटावंसं वाटलं.

"मग पुढे?" मी मुलीला विचारलं. "कमाविसदारानं उत्तर दिलं का?"

"इथल्या कागदांत तरी नाही, सर."

"नसेलच दिलं," खजिनदार म्हणाले. "आमच्याकडे तशी पद्धत नाही."

अध्यक्ष मात्र जराही खचले नव्हते. हार पुन्हा नीट चढवत ते म्हणाले, "म्हणजे थेट पुणे दरबाराशी आपल्या गावाचा पत्रव्यवहार होता तर! मिरवणूक चालूच ठेवू." आणि मग माझ्याकडे वळून, "आपण जेवणार ना? पिठलं-भाकरी केलीय."

जेवताना मी आमच्या हिशेबाचा विषय काढला. त्यांनी आग्रहानं वाढलं. निघताना पुन्हा काढला. त्यांनी गाडीत गुळाची ढेप ठेवली. कार्यालयात परतल्यावर मी पुण्याच्या त्या कारकुनाला स्मरून एक पत्र लिहिलं आणि त्यात जितका कडकपणा देवनागरीत मावतो तितका ओतला. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. पोचपावतीसह लिहिलं. पोचपावती तेवढी आली, फार वळणदार सहीची.

गेल्या महिन्यात त्यांचा प्रगती अहवाल आला. सुबक बांधणी, वर सोनेरी अक्षरं, मध्ये अध्यक्षांचा फोटो. आत जतन केलेल्या दस्तऐवजांची सूची होती आणि ती खरोखर उत्तम होती. प्रत्येक कागदाला दाखल क्रमांक, आकार, लिपी, विषय, अवस्था, शेरा. इतकी चोख सूची मी कुठल्याही संस्थेची पाहिलेली नाही. उपयोगिता प्रमाणपत्र कुठे जोडलंय का, म्हणून मी शेवटच्या पानापर्यंत आलो. ते नव्हतं. तिथे माझी पत्रं होती. सगळी, तारखेनुसार, आम्लमुक्त लिफाफ्यांत घातलेली, ओळीनं क्रमांक दिलेली, आणि जतन केलेल्या दस्तऐवजांच्या एकूण बेरजेत धरलेली. विषय: हिशेबाची मागणी. लिपी: देवनागरी. अवस्था: उत्तम. शेरा: उत्तर दिल्याचे आढळत नाही.